दुखत नाही, तेच दाखवा

पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासून केलेला एक अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो केला होता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ही माणसे दवाखान्यात तक्रार घेऊन आलेली नव्हती. संशोधकच गावोगाव गेले, लोकांना आ करायला लावले आणि कोण काय खाते, काय ओढते, याची नोंद केली. तोंडातले पांढरे चट्टे आणि कर्करोग यांचे तंबाखूशी असलेले नाते मेहता, प्रकाश गुप्ता, दफ्तरी आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या अशा पाहण्यांतून लख्ख दिसले. या कामाची मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांचे काहीच दुखत नव्हते, त्यांचे तोंड कुणीतरी पाहिले.

आपण एरवी तसे करत नाही. दाढ ठणकली की माणूस रात्री अकरा वाजता डॉक्टर शोधतो. गालाच्या आतला चट्टा मात्र दुखत नाही म्हणून दोन वर्षे तसाच राहतो. तोंड आणि जबड्याच्या आजारांत वेदनेवर विसंबणे फार महागात पडते, कारण इथे वेदना दोन्ही बाजूंनी फसवते. जे मरणाचे दुखते ते पुष्कळदा साधे असते आणि जे जिवावर बेतते ते सुरुवातीला गप्प असते.

आपल्याकडच्या गप्प आजारांत पहिला मान द्यावा लागेल तो तोंड आखडण्याच्या आजाराला. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो पाहून त्याचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी इथल्या रुग्णांवरून त्याची नोंद केली. १९६६ मध्ये मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट आणि पिंडबोर्ग यांनी त्याची जी व्याख्या मांडली, ती आजही वापरली जाते. त्या वेळी कारणाबद्दल वाद होता. मिरची, जीवनसत्त्वांची कमतरता, रक्तक्षय असे बरेच आरोपी होते. आता मुख्य आरोपी ठरला आहे, तो म्हणजे सुपारी.

सुपारीतले अरेकोलीन हे द्रव्य तोंडाच्या अस्तराखालच्या पेशींना कोलॅजेनचे धागे जास्त बनवायला लावते. सुपारीत तांबेही बरेच असते. त्याने एका विकराचे काम वाढते आणि ते धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. एरवी शरीर जुने धागे मोडून टाकत असते, ते मोडणेही इथे मंदावते. अस्तर पांढुरके, ताठ होत जाते, गालात बोट फिरवले तर उभे पट्टे हाताला लागतात. हे सगळे होताना ठणका नसतो. रुग्णाला पहिल्यांदा जाणवते ती जळजळ. ठेचा सोडाच, साधी आमटीसुद्धा झोंबू लागते. घरचे म्हणतात, तोंड आलंय, उष्णता झालीय. औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येतात. त्यात वर्ष जाते. मग पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही, जांभई पुरती देता येत नाही, जीभ बाहेर येत नाही, शिट्टी वाजत नाही.

ओळखण्याची घरगुती कसोटी सोपी आहे. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. बहुतेक प्रौढांना ती घालता येतात. दोनच मावत असतील तर दाखवायला जावे. एकच मावत असेल तर त्याच आठवड्यात जावे.

सुपारीविषयी आपल्या घरांत एक भाबडा समज आहे: तंबाखू नाही ना, मग चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. पूजेतल्या सुपारीशी कुणाचे भांडण नाही, ती कुणी चघळत नाही. लग्नाच्या पंगतीनंतर मुलांच्या हातात येणारी गोड सुगंधी सुपारीची पुडी मात्र मला भीतिदायक वाटते, कारण सवय तिथून लागते. विदर्भातला खर्रा, इकडचा मावा आणि सगळीकडचा गुटखा यांत सुपारीचाच भरणा असतो. पानाच्या विड्यापेक्षा पुडीत सुका माल जास्त, आणि ती दिवसभर गालात ठेवायला सोपी. म्हणून विशी-पंचविशीतली मुले तोंड उघडत नाही म्हणून येतात.

आखडलेले तोंड पूर्ववत करणारे औषध नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे लागते. सुपारी सुटली तर वाढ थांबू शकते. हायलुरोनिडेज आणि स्टिरॉइडची इंजेक्शने पट्ट्यांत देतात, लायकोपीनच्या गोळ्या देतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरून रोज एकेक काडी वाढवण्याचा व्यायाम शिकवतात. खूपच आखडले असेल तर पट्टे कापून त्या जागी गालातल्याच चरबीची गादी किंवा नाकाच्या बाजूची त्वचा फिरवून बसवतात. शस्त्रक्रियेनंतर महिनोन् महिने व्यायाम केला नाही तर तोंड पुन्हा मिटते. इथे सर्जनपेक्षा घरातल्या माणसाची चिकाटी जास्त उपयोगी पडते. शिवाय या रुग्णांवर नजर ठेवावीच लागते. केरळात सतरा वर्षे पाठपुरावा केलेल्या एका छोट्या रुग्णगटात ७.६ टक्के लोकांना पुढे कर्करोग झाला.

पांढऱ्या चट्ट्याबद्दल आता बरीच माहिती लोकांना असते, लाल चट्ट्याबद्दल नसते. मखमली लाल, न खरवडला जाणारा, न दुखणारा चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा. पांढरा-लाल मिश्र चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, कारण नसताना हललेला एकच दात, खालचा ओठ बधिर होणे, मानेत न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे. दातांच्या टोकाने जिभेची कड सोलत असेल तर आधी टोक घासावे आणि दोन आठवडे वाट पाहावी. व्रण भरला तर उत्तम. नाही भरला तर त्याच दाताला दोष देत बसू नये.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हा समज महाराष्ट्रात घरोघर आहे आणि त्याने फार माणसे नेली आहेत. समज का टिकला हे समजण्यासारखे आहे. लोक तुकडा द्यायला घाबरून वर्षभर थांबतात, शेवटी देतात तेव्हा आजार आधीच मानेपर्यंत पोचलेला असतो, आणि शेजारीपाजारी तुकडा व मरण यांचे नाते जोडतात. तुकड्याने आजार पसरत नाही. तुकड्यावाचून उपचारच ठरत नाही.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघतात, आणि पुरुषांत हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. पाश्चात्त्य देशांत तो जास्त करून जिभेवर आणि जिभेखाली दिसतो. आपल्याकडे पुष्कळदा गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत, म्हणजे जिथे तंबाखूचा बार धरतात नेमका तिथे. ती खाच जबड्याच्या हाडाला लागून असल्याने हाड लवकर गाठले जाते.

उपचारात पहिली निवड बहुधा शस्त्रक्रियेचीच. तीही अर्धवट नको. मानेत गाठ हाताला लागत नसताना मानेतल्या रसग्रंथी काढाव्यात की वाट पाहावी, हा जुना वाद मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने सोडवला. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. ज्यांच्या बाबतीत वाट पाहिली, त्यांच्यात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. परळच्या रुग्णालयात निघालेले हे उत्तर आज जगभरचे सर्जन मानतात.

काढलेला जबडा परत उभा करता येतो. पायाच्या पोटरीतले बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसह काढून, करवतून, जबड्याच्या आकारात बसवतात आणि मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालतात. जिथे ही सोय नाही तिथे छातीचा स्नायू त्वचेसह वर फिरवतात. तो दिसायला जाड, पण भरवशाचा. किरणोपचार ठरले असतील तर खराब दात आधीच काढून घ्यावेत. किरण घेतलेल्या जबड्यातला दात नंतर उपटला तर जखम न भरता हाड मरू शकते. ही साधी सूचना रुग्णापर्यंत वेळेत पोचत नाही, याचे मला वाईट वाटते.

शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि सवयीमुळे काय भोगावे लागले हे ते जाहीर सभांतून सांगत आले. आर. आर. पाटील यांना याच आजाराने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी नेले. साऱ्या महाराष्ट्राला ओळखीचे असे हे दोन चेहरे. तरी टपरीवरची गर्दी हटली नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुढे मावा, खर्रा, सुगंधी सुपारीही तिच्या कक्षेत आली, आणि पुड्या मिळतातच.

आता वेदनेची दुसरी बाजू. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही सेकंदांत जाते, आणि दात घासताना, वारा लागला तरी परत येते. हा मज्जातंतूचा आजार आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. दात मात्र निर्दोष असतो. तरीही असे रुग्ण एकामागून एक दाढा काढून घेतात, आणि कळ तशीच राहते. कार्बामाझेपीन हे फिटवरही दिले जाणारे औषध त्यावर बहुधा चांगले लागू पडते. दात काढण्यापूर्वी क्ष-किरण चित्रात तो खरोखर किडलेला आहे का, एवढे विचारण्याचा हक्क रुग्णाने बजावावा.

याच्या उलट, ठणकणारी दाढ एके दिवशी आपोआप शांत होते तेव्हा लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. पुष्कळदा आतली नस मेलेली असते. जंतू मुळाच्या टोकाशी काम चालू ठेवतात, तिथे गळू होते किंवा वर्षानुवर्षे हाड पोखरणारी पाण्याची गाठ. खालच्या अक्कलदाढेचा पू जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरला तर लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेली भयंकर सूज येते. जीभ वर उचलली जाते, लाळ गिळता येत नाही, आवाज बदलतो, श्वास कोंडतो. तिथे रुग्णालयच गाठावे, तेही सकाळची वाट न पाहता.

मुलांच्या बाबतीत एक इशारा. मूल हनुवटीवर आपटले, दोन टाके पडले, जखम भरली. पण आघात कानापुढच्या सांध्यापर्यंत गेलेला असतो. महिन्यांनी तोंड कमी उघडू लागते, सांधा हाडाने जुळून जातो, जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते. हनुवटीच्या जखमेनंतर कानापुढच्या सांध्याचा फोटो आणि लवकर सुरू केलेला व्यायाम यांनी हे टळू शकते.

आणि २०२१ चा उन्हाळा महाराष्ट्र विसरलेला नसावा. करोनातून उठलेल्या, मधुमेह आणि स्टिरॉइडचा मारा झेललेल्या माणसांचे वरचे दात अचानक हलू लागले, गाल बधिर झाला, टाळू काळी पडली. म्युकरमायकोसिस. बुरशी रक्तवाहिन्या बंद करते आणि हाड मरते. ॲम्फोटेरिसिनची टंचाई होती, सर्जन वरचे जबडे काढत होते. त्यांतल्या अनेकांना आज गरज आहे ती कृत्रिम टाळूची, दातांची, नीट बोलता-गिळता येण्याची. पुनर्वसनाची ती बाजू बातम्यांतून लवकर गेली.

तर न दुखणारे कोणी पाहायचे? केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून तेरा पंचायतींतल्या सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर एक मोठी चाचणी झाली. जवळपास निम्म्या पंचायतींत, ज्यांचे शिक्षण वैद्यकीय नव्हते अशा प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर तीन वर्षांनी घरोघर तोंडे पाहिली. २००५ च्या निष्कर्षात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. आता आपल्याकडेही तिशीनंतरच्या प्रत्येकाचे तोंड पाहण्याचा कार्यक्रम आहे, आशाताई अर्ज भरून घेतात. अडते ते पुढे. गडचिरोलीच्या आतल्या गावात चट्टा सापडला की रुग्णाला तुकड्यासाठी अनेकदा नागपूर गाठावे लागते. दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे गेले की निम्मे लोक मागे फिरणारच. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या दंतशल्यचिकित्सकाला तुकडा काढायची मुभा, हत्यार आणि फॉर्मॅलिनच्या बाटल्या द्याव्यात, नमुना वैद्यकीय महाविद्यालयात टपालाने जावा आणि अहवाल त्याच आशाताईच्या मोबाइलवर यावा.