वर्षभराचे विश्वस्तपद

मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी घराबाहेर निघाली की व्यापारी कुटुंबात एक सूचना हमखास दिली जाते : अभ्यास सांभाळ, विद्यार्थी संघटनेच्या भानगडीत पडू नकोस. या सूचनेमागे अनुभव आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन निवडणुकांना एके काळी हाणामारीचे गालबोट लागले आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या थांबवण्यात आल्या. त्या काळात महाविद्यालयात असलेली पिढी आज पालक आहे. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे मिरवणूक, घोषणा आणि कोणत्या तरी पक्षाचा झेंडा, हे चित्र तिच्या मनात ठसले असल्यास नवल नाही.

याच घरांतील अनेक मुले आता ब्रिटनमधील विद्यापीठांत शिकतात. तेथील ‘स्टुडंट्स युनियन’ हे नाव कानी पडताच पालक सावध होतात. परंतु या नावाखाली तेथे जी संस्था उभी आहे, तिचा कारभार पक्षीय राजकारणापेक्षा धर्मादाय न्यासाच्या कारभाराला अधिक जवळचा आहे. तिचा निवडून आलेला पदाधिकारी काय करतो आणि त्याच्या हाताला कोणती बंधने आहेत, हे समजून घेतले, तर परदेशी एकट्या राहणाऱ्या मुलाने अडचणीत कोणते दार ठोठवावे, हेही कळते.

या संस्थेची मुळे जुनी आहेत. १८८४ मध्ये एडिंबरा विद्यापीठात रॉबर्ट फिट्झरॉय बेल या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने विद्यार्थी प्रतिनिधी मंडळ स्थापन झाले. पाचच वर्षांत, १८८९ च्या कायद्याने, स्कॉटलंडमधील अशा मंडळांना अधिकृत मान्यता मिळाली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२२ मध्ये, देशभरच्या विद्यार्थी संघांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज ब्रिटनमधील जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा विद्यार्थी संघ आहे. विद्यापीठाकडून मिळणारे अनुदान आणि संघाच्या दुकाना-उपाहारगृहांचे उत्पन्न, यांवर तो चालतो.

एक वर्षाची मुदत

संघाच्या प्रमुख पदाधिकाऱ्याला ‘सबॅटिकल ऑफिसर’ म्हणतात. अभ्यासक्रमातून एक वर्ष रजा घेऊन किंवा पदवी संपताच तो हे काम पूर्णवेळ करतो आणि त्याबद्दल वेतन घेतो. कोणी अध्यक्ष असतो, कोणाकडे शिक्षणविषयक प्रश्न असतात, कोणाकडे क्रीडा आणि मंडळे, तर कोणाकडे विद्यार्थी कल्याण. निवडणूक साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि उन्हाळ्यात नवे पदाधिकारी सूत्रे हाती घेतात. १९९४ च्या शिक्षण कायद्यानुसार प्रमुख पदांची निवड गुप्त मतदानाने व्हावी लागते, आणि एका विद्यापीठात कोणालाही असे वेतनी पद एकूण दोन वर्षांपेक्षा अधिक भोगता येत नाही. संघाचे सदस्यत्व नाकारण्याचा अधिकारही हाच कायदा विद्यार्थ्याला देतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी तरुणालाही हे पद स्वीकारता येते.

मुदत इतकी थोडी असल्याने पदाला चिकटून राहण्याचा मोह मुळातच उरत नाही. गादीवर बसतानाच ती कोणाच्या स्वाधीन करायची याचा विचार सुरू होतो.

दाराशी येणारी दुखणी

सप्टेंबरच्या अखेरीस नवे विद्यार्थी दाखल होतात, तेव्हा स्वागत सप्ताहाची सारी धावपळ याच पदाधिकाऱ्यांवर असते. शेकडो मंडळांचा मेळावा भरतो. कोठे नौकानयन, कोठे वादविवाद, कोठे निरनिराळ्या देशांच्या आणि धर्मांच्या विद्यार्थ्यांची मंडळे. मद्याशिवायचे कार्यक्रम, शाकाहारी जेवणाची सोय, लाजाळू मुलांसाठी छोट्या गटांतील फेरफटके, अशा गोष्टी कार्यक्रमपत्रिकेत याव्यात म्हणून कोणाला तरी आग्रह धरावा लागतो. तो आग्रह धरणे हे कल्याण पदाधिकाऱ्याचे काम. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या मुलाला पहिल्या पंधरा दिवसांत दोन ओळखीचे चेहरे मिळाले, तर पुढील अनेक दुखणी टळतात.

उरलेली दुखणी नोव्हेंबरपासून दाराशी येऊ लागतात. घरमालक अनामत रक्कम परत करीत नाही. कोणाची उपस्थिती कमी भरली आहे. कोणाला आजारपणामुळे परीक्षा देता आली नाही आणि फेरपरीक्षेसाठी अर्ज कसा करावा हे ठाऊक नाही. कोणी शुल्काचा हप्ता चुकवला आहे आणि घरी सांगण्याचे धाडस होत नाही.

अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पदाधिकाऱ्याने स्वतः द्यावे, अशी अपेक्षा नसते. बहुतेक संघांत विद्यापीठ प्रशासनापासून स्वतंत्र असा सल्ला विभाग असतो आणि तेथे प्रशिक्षित सल्लागार बसतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाड्याची अनामत ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे, हे त्या सल्लागाराने सांगितले की अर्धे भांडण तेथेच मिटते. विद्यापीठाच्या निर्णयाविरुद्धची अंतर्गत दाद संपली, तर त्याच दोन प्रदेशांत एका स्वतंत्र लवादाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तो अर्ज कसा लिहावा, हेही येथे कळते.

व्हिसाचा प्रश्न मात्र नाजूक. अधिकृत मान्यतेशिवाय तेथे कोणालाही व्हिसाविषयक सल्ला देता येत नाही. म्हणून सुजाण पदाधिकारी ऐकीव माहिती न देता विद्यार्थ्याला योग्य सल्लागाराकडे पाठवतो. व्यापारी घरांतील मुलांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात सामान्यतः आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, आणि विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय चालवता येत नाही. सुटीतून परतताना चार वस्तू नेऊन विकाव्यात, हा घरच्या संस्काराला सहज सुचणारा विचार तेथे महागात पडू शकतो.

काही दुखण्यांना अर्जच नसतो. रात्री दोन वाजता झोप येत नाही आणि मायदेशी फोन करून आई-वडिलांना काळजीत घालायचे नाही, अशा वेळेसाठी ‘नाइटलाइन’ ही सेवा आहे. १९७० मध्ये एसेक्स विद्यापीठात ती प्रथम सुरू झाली आणि पुढे अनेक विद्यापीठांत पसरली. प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थीच रात्रभर दूरध्वनीपाशी बसतात. ते नाव विचारत नाहीत, उपदेश करीत नाहीत. केवळ ऐकून घेतात.

मोहीम कशासाठी?

एकाच प्रकारची तक्रार पुन्हा पुन्हा आली की ती एकट्या विद्यार्थ्याची अडचण राहत नाही. तेथून मोहीम जन्म घेते. पदाधिकारी नोंदी एकत्र करतो, विद्यार्थ्यांची मते गोळा करतो आणि विद्यापीठाच्या समित्यांपुढे प्रश्न मांडतो. घोषणांपेक्षा आकडे आणि चिकाटी तेथे अधिक उपयोगी पडतात.

व्यापाऱ्याला विशेष जवळचे वाटेल असे उदाहरण ‘फेअरट्रेड’ चळवळीचे आहे. चहा, कॉफी, साखर, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा, हा तिचा हेतू. २००३ मध्ये ऑक्सफर्ड ब्रुक्स हे जगातील पहिले फेअरट्रेड विद्यापीठ ठरले. हा मान मिळवण्यासाठी विद्यापीठ आणि विद्यार्थी संघ या दोघांनीही तसे धोरण स्वीकारावे लागते. म्हणजे संघाच्या दुकानाच्या फळीवर कोणता माल ठेवायचा, या साध्या प्रश्नातून ही मोहीम उभी राहते.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडचे. मासिक पाळीची साधने गरजू मुलींना व स्त्रियांना विनामूल्य मिळावीत, या मागणीच्या पाठीशी तेथील विद्यार्थी संघटना उभ्या राहिल्या. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये स्कॉटिश संसदेने तसा कायदा एकमताने संमत केला. शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांवर आता ती जबाबदारी आहे.

पैसा ज्या खात्याचा, त्याच खात्याला

सद्हेतू असला म्हणून संघाचा पैसा कोठेही खर्च करता येत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ससेक्स विद्यापीठाच्या संघाने दोन ठराव केले. एक, गरीब देशांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी देण्याचा. दुसरा, शाळकरी मुलांचे मोफत दूध बंद करण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्धच्या मोहिमेस पैसे देण्याचा. एका विद्यार्थ्याने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने दोन्ही खर्च रोखले. संघाचा निधी शैक्षणिक हेतूसाठी आहे. दुसरा हेतू कितीही उदात्त असला, तरी तो या निधीचा हेतू नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. धर्मादाय पेढीचा कारभार पाहणाऱ्यांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

१९९४ च्या कायद्याने या शिस्तीला चौकट दिली. संघाचे अंदाजपत्रक विद्यापीठाच्या नियामक मंडळाने मंजूर करावे, वर्षातून किमान एकदा आर्थिक अहवाल प्रसिद्ध व्हावा, बाहेरच्या संस्थांना दिलेल्या देणग्यांची यादी त्यात असावी, आणि असमाधानी विद्यार्थ्यासाठी तक्रारीची वाट खुली असावी. २०१० पासून इंग्लंड आणि वेल्समधील मोठ्या संघांना धर्मादाय आयोगाकडे स्वतंत्र नोंदणीही करावी लागते. निवडून आलेला पदाधिकारी बहुधा संघाचा विश्वस्त असतो. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी त्याला ताळेबंद वाचावा लागतो आणि त्यावर सही करण्यापूर्वी प्रश्न विचारावे लागतात.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चावर ५,००० रुपयांची मर्यादा सुचवली आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब सादर करण्याची अट घातली. न्यायालयाने त्या शिफारशी लागू केल्या. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातही विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद आहे.

म्हणून परदेशी निघालेल्या पाल्याला निरोप देताना जुन्या सूचनेत थोडी दुरुस्ती करावी. पहिल्याच आठवड्यात संघाचा सल्ला विभाग कोठे आहे ते पाहून ये, त्याचा पत्ता आणि वेळ घरी कळव, असे सांगावे. अडचण आल्यास आधी तेथे जा, घरी सांगायला उशीर करू नकोस, हेही सांगावे. आणि उद्या मुलीने फोन करून कल्याण पदासाठी निवडणूक लढवायची आहे असे म्हटले, तर लगेच नकार देऊ नये. खर्च किती, तो कोठून येणार, हिशेब कोण तपासणार आणि वर्ष संपल्यावर अभ्यास कोठून पुढे सुरू होणार, एवढे चार प्रश्न विचारावेत. तिच्यापाशी चारही उत्तरे तयार असतील, तर हे काम तिच्या हाती सोपवण्यास हरकत नसावी.