चित्त्याच्या मुलखाची सफर : हिशेब आधी, सामान नंतर

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडले गेले. साऱ्या देशाला त्याचे नवल वाटले. कोल्हापूरच्या जुन्या मंडळींना मात्र फारसे वाटले नाही. हिंदुस्थानातला चित्ता कमी होत गेला तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी शिकारीसाठी आफ्रिकेतूनच चित्ते मागवले होते. कोल्हापुरात त्यांच्यासाठी चित्तेखाना होता. चित्ता माणसाळवणे, डोळ्यांवर टोपी घालून गाडीवर बसवणे, हरीण दिसताच टोपी काढून सोडणे ही कामे करणाऱ्या चित्तेवानांत मुसलमान घराणीही होती. १९५२ साली हिंदुस्थानातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि हा हुन्नर संपला.

आमच्या बैठकीतल्या एका बुजुर्गांचे आजोबा चित्तेखान्यात होते. चाचांचे वय आता बहात्तर. हज झाला, मुलींची लग्ने झाली, दुकान मुलाने सांभाळले. एकच इच्छा ते बोलून दाखवतात : गळ्यात साखळी आणि डोळ्यांवर टोपी नसलेला चित्ता एकदा त्याच्या मुलखात पाहायचा. त्यांच्या निमित्ताने आम्ही पाच जणांनी, म्हणजे दोन कापडवाले, एक शिलाई सामानाचे व्यापारी, एक चपलांचे व्यापारी आणि चाचा, नामिबियाचे वाळवंट, तिथला समुद्रकिनारा आणि शेवटी केप टाऊन अशा खासगी सफरीचा बेत आखला. आपल्या समाजातले बरेच व्यापारी आता उमऱ्याबरोबर दुबई-तुर्कस्थान करू लागले आहेत. त्यांच्या पुढच्या सफरीला उपयोगी पडावे म्हणून आमचा हिशेब इथे मांडत आहोत.

हा बेत आधी एकदा फसला आहे, तेही सांगितले पाहिजे. पहिल्या खेपेस आम्ही एका एजंटाच्या रंगीत पुस्तिकेवर भरवसा ठेवला आणि माणशी साठ हजार विसार देऊन बसलो. कार्यक्रम असा होता की आधी दक्षिण आफ्रिका, मग नामिबिया, मग परत दक्षिण आफ्रिका. म्हणजे दक्षिण आफ्रिकेत दोनदा प्रवेश. व्हिसा मात्र एकाच प्रवेशाचा काढला गेला. निघायला नऊ दिवस असताना ही गोष्ट आमच्याच लक्षात आली. विसार बुडाला. वर त्याच कार्यक्रमात एतोशाच्या जंगलातून सोसुसव्लेईच्या वाळूच्या डोंगरांपर्यंतचा प्रवास एका दिवसात दाखवला होता. नकाशावर ते बोटभर अंतर, प्रत्यक्षात सुमारे सातशे किलोमीटर, त्यातला बराच खडीचा रस्ता! चाचांचे गुडघे तिथेच राहिले असते. तागा उलगडून पन्हा मोजल्याशिवाय आम्ही माल घेत नाही, आणि इथे पाच जणांच्या कष्टाची रक्कम पुस्तिका पाहून देऊन टाकली.

म्हणून या खेपेस आधी देश समजून घेतला. नामिबियाचे क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त. लोकसंख्या २०२३ च्या मोजणीत सुमारे तीस लाख. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ सालीच पावणेएकोणचाळीस लाख होती. याचा अर्थ असा की दोन गावांमध्ये शंभर-दीडशे किलोमीटर माणूस, हॉटेल, पंक्चरवाला काहीच नसते. तिथे वाहन आपल्यासारखे डाव्या बाजूनेच चालवतात, पण खडीवर ऐंशीच्या पुढे गेलेली गाडी उलटते असे सगळे जाणकार सांगतात. स्वतः गाडी चालवत जाणारे पर्यटक पुष्कळ असतात. आमच्या वयाच्या माणसांनी तो मोह धरू नये. खासगी गाईड महाग वाटतो, पण तोच चालक, तोच वाटाड्या, तोच टायर बदलणारा. पाच जणांत खर्च वाटला की मोठ्या टोळीच्या सहलीपेक्षा तो फार जड जात नाही, आणि नमाजसाठी गाडी केव्हा थांबवायची हे आपल्या हातात राहते.

गाईड निवडताना आम्ही चार ठिकाणी एकच पत्र पाठवले. नामिबिया टुरिझम बोर्डाकडे नोंदणी आहे का, दोन स्टेपन्या असतील का, रोजचा प्रवास किलोमीटरमध्ये नव्हे तर तासांत किती, आमच्यासोबत स्वतः कोण येणार, आणि शेवटी, चित्ता दिसेल का? तिघांनी चित्त्याची हमी दिली. चौथ्याने लिहिले की जंगली जनावराची हमी देता येत नाही, पण ज्या भागात तो राहतो तिथे तीन रात्री काढू आणि पहाटे-संध्याकाळी फिरू. आम्ही चौथ्याला होकार कळवला. पेठेतही गिऱ्हाइकाला रंग जाणार नाही अशी हमी देणारा आणि आधी एक पाणी काढून पाहा म्हणणारा यांत आम्ही दुसऱ्याकडेच जातो.

मोसमाच्या बाबतीत अल्लाहची मेहेरबानी अशी की आपला मंदीचा काळ तोच तिथला उत्तम काळ. आषाढात कोल्हापुरात पाऊस, लग्ने बंद, कापडाला उठाव नाही. तिथे जुलै-ऑगस्ट म्हणजे कोरडा हिवाळा. झाडी विरळ झालेली, पाणी थोड्याच जागी उरलेले, म्हणून जनावरे पाणवठ्यावर येतात. मलेरियाचा धोकाही पावसाळ्यापेक्षा कमी, तरी डॉक्टरांना विचारूनच निघावे. वाळवंट म्हणजे उकाडा ही समजूत सोडा. रात्री पारा शून्याजवळ जातो. जाड स्वेटर आणि कानटोपी न्यावीच.

रस्ता असा ठरला आहे. विंडहुकला उतरून उत्तरेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर ओत्जिवारोंगो. नामिबियातले बहुतेक चित्ते सरकारी जंगलात नसून शेतकऱ्यांच्या खासगी कुरणांत आहेत. शेळ्या-मेंढ्या खातो म्हणून शेतकरी त्याला गोळी घालत असत. १९९० साली लॉरी मार्कर या बाईंनी इथे चित्ता संवर्धनाची संस्था काढली आणि कळपाच्या राखणीसाठी शेतकऱ्यांना मोठे कुत्रे पाळून दिले. कुत्रा भुंकतो, चित्ता निघून जातो, मेंढी वाचते, चित्ताही वाचतो. चाचांनी हे ऐकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्याकडे बकरी वाचवायला नव्हे, हरीण मारायला तो पाळला होता.’

तिथून एतोशा. मिठागराचे प्रचंड पठार आणि त्याच्या काठाने पाणवठे. ओकाउकुएजो इथल्या सरकारी मुक्कामी पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो. बाकावर बसून हत्ती, गेंडे पाहायचे. चाचांच्या गुडघ्यांसाठी याहून सोयीची जागा नाही. मग एक रात्र वाटेत काढून स्वाकोपमुंड, किनाऱ्यावरचे जर्मन वळणाचे गाव. दक्षिणेकडून बेंगुएला नावाचा थंड प्रवाह येतो, त्याच्यावर हवा गार होऊन धुके होते आणि ते वाळवंटात आत शिरते. पाऊस जवळजवळ नाही. किडे-झाडे धुक्याच्या दवावर जगतात. याच धुक्याने शेकडो जहाजे वाळूत रुतवली, म्हणून उत्तरेच्या किनाऱ्याला सांगाड्यांचा किनारा म्हणतात. पलीकडे वॉल्विस बे हे बंदर. नामिबिया २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झाला तरी हे बंदर दक्षिण आफ्रिकेने १९९४ पर्यंत सोडले नव्हते. बंदराशिवाय देश म्हणजे गल्ल्याशिवाय दुकान.

शेवटी सोसुसव्लेई. वाळूच्या टेकड्या तीनशे मीटरहून उंच. सेसरिमच्या फाटकापासून साठ किलोमीटर आत जावे लागते आणि शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू आहे. फाटक सूर्योदयाला उघडते. जुलैत तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, तेव्हा फजर आरामात होते. किब्ल्याची दिशा मात्र ध्यानात ठेवा. आपण इथे पश्चिमेला तोंड करतो, तिथे उत्तरेकडे, थोडे ईशान्येला. सवयीने पश्चिमेला उभे राहिलात तर तोंड अटलांटिक समुद्राकडे होईल.

खाण्याचे सांगतो, कारण सगळे आधी तेच विचारतात. केप टाऊनला चिंता नाही. तिथली मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिल १९४५ पासून आहे आणि हलालचे शिक्के दुकानोदुकानी दिसतात. नामिबियात मुसलमान थोडे. लॉजवर कुडू, ओरिक्स अशा हरणांचे मांस वाढतात. प्राणी हलाल असला तरी तो गोळीने मारलेला असतो, जबिहा नव्हे. आम्ही लेखी कळवले आहे की भाजी, अंडी, डाळ आणि मासा. किनाऱ्यावर ऑयस्टरचे ताट पुढे येईल. आम्ही हनफी लोक ते सोडणार. कोकणी शाफई भावांना मोकळीक आहे. सोबत चटणी, चिवडा आणि कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला असणारच.

पैशांचे गणित सोपे आहे. नामिबियाचा डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेला आहे आणि रँड नामिबियात सरळ चालतो. उलटे मात्र होत नाही. नामिबियन डॉलर उरले तर केप टाऊनमध्ये कोणी घेणार नाही. म्हणून रँडच घ्यावा. विमानभाड्यासह आमचा माणशी अंदाज साडेपाच लाखांच्या घरात जातो. परदेशी सहलीच्या रकमेवर कर आधीच कापला जातो, त्याचा दर बजेटमध्ये बदलत राहतो. पावती जपून ठेवून विवरणपत्रात तो वळता करून घ्यावा. व्हिशाचे नियमही बदलतात, तेव्हा एजंटाच्या तोंडी शब्दावर न राहता दोन्ही देशांच्या वकिलातीत स्वतः विचारावे आणि पासपोर्टात दोन-तीन पाने कोरी ठेवावीत. आणखी एक फट : नैरोबी किंवा अदिस अबाबावरून जाणारी विमाने स्वस्त पडतात, पण केनिया आणि इथिओपिया पीतज्वराच्या यादीत आहेत. विमान चुकून तिथे शहरात मुक्काम पडला आणि लशीचा दाखला नसला तर परतल्यावर सहा दिवस अलग ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो.

आता थोडे तिजारतीचे. व्यापारी माणूस नुसते जनावर पाहून परत येत नाही. नामिबियातल्या हेरेरो बाया जर्मन काळापासूनचा पायघोळ झगा घालतात. एका झग्याला दहा-दहा मीटर कापड, वर शिंगांच्या आकाराचे डोक्याचे फडके. दक्षिण आफ्रिकेत श्वेश्वे नावाचे निळे-तांबडे छापील सुती कापड चालते. ते पूर्वी मँचेस्टरहून यायचे. समुद्रप्रवासात टिकावे म्हणून त्याला दाट खळ असे. आता ईस्टर्न केपमधील झ्वेलित्शा इथे दा गामा कापड कारखाना ते छापतो, तरी खळ तशीच ठेवली आहे, कारण गिऱ्हाईक त्या कडकपणावरून आणि वासावरून अस्सल-नक्कल ओळखते. जिभेने चाखूनही पाहतात म्हणे! इचलकरंजीच्या मागवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र घाईने माल पाठवू नये. तयार कपड्यांवर तिथे ४५ टक्के आयात शुल्क आहे. आम्ही फक्त नमुन्याचे तुकडे आणणार.

तिथला काराकुल गालिचाही पाहण्यासारखा. ज्या काराकुली टोपीला आपण ओळखतो, त्या बुखाऱ्याकडच्या मेंढ्या जर्मनांनी १९०७ मध्ये नामिबियात नेल्या. टोपीसाठी मात्र जन्मून एक-दोन दिवस झालेले कोकरू कापावे लागते. आम्ही गालिचा पाहू, टोपी नको. आणि कोणी खडा दाखवला तर हात मागे घ्या. नामिबियात परवान्याशिवाय पैलू न पाडलेला हिरा जवळ बाळगणे गुन्हा आहे. कातडी, हस्तिदंत यांचेही तसेच.

केप टाऊनचे तीन दिवस आमच्या आग्रहाने ठेवले आहेत. बो-काप भागात १७९४ ची अव्वल मशीद आहे. पण आमची ओढ कोकण्यांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान तिथे गेले, फेरीवाले झाले, किराणा दुकाने काढली. १९०६ च्या कायद्यानंतर गावी यायचे तर मुदतीचा परवाना घ्यावा लागे, त्यावर फोटो आणि हाताचे ठसे. मुदत टळली की परतीचा दरवाजा बंद. एका शिक्क्यापायी किती दुकाने आणि किती संसार दोन किनाऱ्यांवर अडकले असतील! आमचा तर साठ हजारांचा विसार गेला. रत्नागिरीकडचेच सूफी साहेब १८९५ मध्ये डर्बनला पोचले आणि केप टाऊनची हबीबिया मशीद त्यांनी १९०५ साली उभी केली. तिथे जुम्मा पढायचा बेत आहे. रत्नागिरीच्या एका स्नेह्यांनी तिथल्या नातलगांसाठी आमसुले आणि सांडगे न्यायला सांगितले होते. बियाणे आणि खाण्याच्या वस्तूंवर तिथे कस्टमची नजर असते, म्हणून आधी विचारून मगच बांधणार.

दोन प्रवेशांचा व्हिसा, विम्यात जंगलातून विमानाने दवाखान्यात नेण्याची सोय, आणि विसाराची परतफेड किती दिवस आधी किती टक्के, या तीन गोष्टी या वेळी कागदावर सहीसह घेतल्या आहेत. विसार अजून दिलेला नाही. बकरी ईद झाली की देऊ. चाचा रोज फजरनंतर रंकाळ्याला अर्धी फेरी चालतात. डॉक्टरांनी पुरी सांगितली आहे.