नावाची राखण : कस्टमचं खातं आणि वायगावची हळद

नागपूरहून निघालेला रस्ता जामच्या चौरस्त्यावर फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादला, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरला. मालाचे ट्रक इथून रात्रंदिवस धावत असतात. त्यात परदेशी माल असला, तर तो आधी कुठल्या तरी बंदरावर कस्टमच्या नजरेखालून गेलेला असायला हवा. कस्टम म्हटलं की आपल्याला आठवतात सोन्याची बिस्किटं! पण मैत्रिणींनो, या खात्याकडे आणखी एक काम आहे, आणि त्याचा संबंध आपल्या मसाल्याच्या डब्याशीही पोचतो. ते म्हणजे नावाची राखण.

कंपनीचं चिन्ह, पुस्तकाचा हक्क, वस्तूचा नमुना, एखाद्या गावच्या पिकाचं नाव, या सगळ्याला कायद्यात बौद्धिक संपदा म्हणतात. शब्द जड, अर्थ साधा : एकानं कष्टानं कमावलेलं नाव दुसऱ्यानं फुकट मिरवू नये. आयात मालासाठी याचे नियम २००७ साली झाले. हक्कदारानं आपला हक्क कस्टमकडे नोंदवायचा आणि हमी द्यायची. मग संशयाचा माल आला की अधिकारी तो अडवतात आणि दोन्ही बाजूंना कळवतात. हक्कदारानं कामाच्या १० दिवसांत पुढं यायला हवं. माल नाशवंत असेल तर ३ च दिवसांत. थोडी मुदतवाढ मिळते, पण तरीही तो फिरकलाच नाही, तर माल सुटू शकतो. बनावट ठरलेला माल नष्ट करतात, आणि तो खर्चही हक्कदाराच्याच माथी! चोरी त्याच्या घरी आणि दंडही त्यालाच, असंच झालं की हे.

परदेशातून येणाऱ्या भाच्यानं स्वतःच्या वापरासाठी बॅगेत आणलेल्या वस्तूंना मात्र हे नियम लागत नाहीत.

पेटंटही आधी या नियमांत होतं. मदुराईच्या एका संशोधकाच्या पेटंटवरून दोन सिमकार्डांचे परदेशी फोन कस्टमनं अडवले होते. पुढे २०१२ साली ते पेटंटच रद्द झालं. चिन्ह शेजारी ठेवून ताडून पाहता येतं, पण यंत्राच्या पोटातली कल्पना बंदरावरच्या माणसानं कशी पारखावी? २०१८ साली पेटंट या नियमांतून काढलं, ते बरंच झालं.

आता आपल्या हळदीकडे येऊ. जाम ज्या समुद्रपूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या गडद रंगाच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे भलत्याच मुलखातल्या हळदीला वायगावची म्हणून विकता येत नाही. परदेशातून अशी हळद या नावानं आली, तर कस्टम ती अडवू शकतं. पण खरा धोका तिथं नाहीच. दुसरीकडची हळद इथल्याच पोत्यात भरून त्यावर वायगाव लिहिलं, तर तो माल बंदर पाहतच नाही. तिथं १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा, पोलीस आणि कोर्ट हेच उपाय. शिवाय हे नियम आयातीचे आहेत. आपली हळद बाहेर गेली की तिथलं नाव राखायला त्या देशात वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणजे मधला सगळा बाजार उघडाच, आणि त्या बाजारात उभ्या असतो आपण.

म्हणून हळद घेताना दुकानदाराला विचारा, कुठल्या शेतकऱ्याची, कुठल्या गटाची? मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता असेल तर त्याला सांगायला अडचण नसते. परदेशी पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश आणि जास्तीत जास्त किंमत छापलेली असायलाच हवी. लिपस्टिक, क्रीम, चार्जर घेताना तर हे आधी पाहा, कारण बनावट क्रीम थेट चेहऱ्यावर जातं आणि बनावट चार्जर आपण रात्री उशाशी लावतो. नुसतं परदेशी नाव आणि निम्मी किंमत दिसली, तर हात आखडता घ्या. बिल मागायला लाजू नका. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि तेव्हा ते बिल व रिकामं पाकीट दोन्ही जवळ असलेलं बरं.