‘नीट लक्ष दे’ म्हणून भागत नाही

ऑफिसात कीबोर्डवर पाणी सांडलं, हातातला कागदांचा गठ्ठा निसटला, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, की शेरा ठरलेला: ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ डिस्प्रॅक्सिया असलेल्या माणसाने हे शाळेपासून ऐकलेलं असतं. या शेऱ्यामागचे समज चुकीचे आहेत, आणि त्यांच्यापायी कामाची माणसं नोकरीत मागे पडतात.

‘हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.’

नाही. डिस्प्रॅक्सिया ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. डॉक्टर तिला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. स्नायू धडधाकट असतात. हालचालीची आखणी करणं आणि ती अंगवळणी पडणं, इथे अडतं. भरलेला कप पँट्रीतून टेबलापर्यंत न्यायचा, तर पकड किती घट्ट हवी, पाऊल केवढं टाकायचं, दार कोणत्या हाताने ढकलायचं, हे बहुतेकांना ठरवावं लागत नाही. डिस्प्रॅक्सियात यातलं बरंच जाणीवपूर्वक करावं लागतं. म्हणजे लक्ष असतं, पण ते सगळं त्या कपात गुंतलेलं. तेवढ्यात कोणी ‘त्या बिलाचं काय झालं?’ विचारलं की चहा हिंदकळतो. मग चारचौघांदेखत शरमेने घाईघाईत पुसायला जावं, तर शेजारची बाटली कलंडते.

म्हणूनच काही सांडलं की आधी हात थांबवावेत. विजेवरचं यंत्र भिजलं असेल तर त्याला हात न लावता मुख्य बटण बंद करावं. ‘सांडलंय, मी आवरतो’ एवढं म्हणणं पुरे. दहादा माफी मागत बसू नये. शांत झाल्यावर बघावं, नेमकं कुठे बिनसलं: जागा अडचणीची होती, घाई होती, की दोन कामं एकदम आली? उत्तर बहुधा साधं निघतं. घट्ट झाकणाचा मग, पाण्यासाठी कीबोर्डपासून दूर वेगळं स्टूल, गठ्ठ्यांसाठी ट्रॉली, नव्या मशीनच्या पायऱ्या आपल्या शब्दांत लिहून तिथेच चिकटवलेल्या.

‘हे लहान मुलांचं, मोठेपणी जातं.’

साधारण 5 ते 6 टक्के मुलांमध्ये ते आढळतं, आणि पुष्कळांची साथ मोठेपणीही सोडत नाही. फक्त रूप बदलतं. शाळेत बुटाची नाडी आणि अक्षर छळतं. नोकरीत वेळेचा अंदाज, कामांचा क्रम, गाडी शिकणं. हॅरी पॉटर साकारणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफने आपल्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया असल्याचं 2008 मध्ये जाहीर केलं होतं. एक सावधगिरी मात्र हवी: आजवर नीट चालणारे हातपाय मोठेपणी अचानक चुकू लागले, तर हेच असेल असं समजून बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

‘बुद्धीच कमी असते.’

हालचालीतल्या या अडचणीवरून बुद्धीचं माप काढता येत नाही.

‘सराव केला की सुटेल.’

अर्धं खरं. नुसता घोटून घेतलेला सराव फारसा कामी येत नाही. जे काम जमत नाही तेच घेऊन, त्याची आखणी करून, करून पाहून, तपासून पुन्हा करणं उपयोगी पडतं. कॅनडात विकसित झालेल्या एका उपचारपद्धतीचा गाभाच ध्येय, आखणी, कृती, तपासणी असा आहे. यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत घ्यावी.

‘कायद्यात याला जागा नाही.’

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या परिशिष्टात, विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये, डिस्प्रॅक्सियाचं नाव स्पष्ट नोंदलेलं आहे. दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी देणं सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे. समान संधीचं धोरण खासगी आस्थापनांनाही जाहीर करावं लागतं. आरक्षणासाठी मात्र किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

साहेबांशी बोलताना आजाराचं नाव सांगून थांबू नका. नेमकी सोय मागा: तोंडी सूचनांऐवजी लेखी, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूरचं टेबल, नवं यंत्र शिकायला थोडा जास्त वेळ. आणि तुम्ही स्वतः साहेब असाल, तर सतत धडपडणाऱ्या सहकाऱ्याला शेरा मारण्याआधी बाजूला बोलावून विचारा, काय बदललं तर काम सोपं होईल.