बंदुकीवरचा लाल ठिपका : घ्यावा की न घ्यावा?



रानडुकरांचा विषय निघाला नाही अशी एकही गट-सभा आम्हांला आठवत नाही. ओढ्याकाठच्या नि डोंगराकडेच्या फडात डुकरे शिरली की खातात थोडे आणि मोडतात फार. पडलेल्या उसाला मग उंदीर लागतो, आणि त्याचा हिशेब काट्यावर कळतो. आपल्यापैकी काहींकडे परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. त्यांतल्या तिघाचौघांनी आम्हांला एकच गोष्ट विचारली, "साहेब, बंदुकीवर ते लाल ठिपक्याचं साईट बसवू का?" बेणे, खत, पाणी सोडून हा प्रश्न शेतकी खात्याकडे आला याचे नवल वाटले खरे, पण आमच्या घरीही वडिलांच्या वेळची दुनळी आहे आणि ठिपक्याचा अनुभव आम्ही घेतला आहे. म्हणून हा लेख.

आधी कायद्याचे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते. ती हाती नसताना बंदूक उचलू नये. बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराचा परवाना नव्हे.

आता ठिपका. पुष्कळांची समजूत अशी की यातून लाल किरण निघतो आणि जनावराच्या अंगावर पडतो. तो लेझर, तो निराळा. रेड डॉटमध्ये एक बारीक दिवा असतो. त्याचा उजेड पुढच्या वाकड्या काचेवरून परतून आपल्याच डोळ्यात येतो, आणि ठिपका दूर लक्ष्यावर टेकल्यासारखा दिसतो. समोरच्याला काही दिसत नाही. दुर्बिणीसारखे जवळही काही येत नाही. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली असे पहिले विजेवरचे साईट बाजारात आणले, आणि तिकडे डुकराच्या हाक्याच्या शिकारीत ते रुळले.

फायदा कोणाला? आमच्यासारख्या चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना. माशीकडे बघावे तर डुक्कर धूसर, डुकराकडे बघावे तर माशी धूसर. ठिपका आणि लक्ष्य मात्र एकदमच स्पष्ट दिसतात, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. पंचविशीतल्या पोराची नजर साफ असेल तर त्याने हा खर्च कशाला करावा, हे आम्हांला समजत नाही.

घ्यायचेच ठरले तर किमतीआधी आपली बंदूक पाहा. साध्या बंदुकीचा दस्ता असा उतरता असतो की गाल टेकला की डोळा सरळ नळीवरच्या पट्टीला लागतो. साईट त्या पट्टीच्या वर बसते. मग ठिपका शोधायला मान उचलावी लागते, गाल सुटतो, हनुवटी टेकते. बार झाला की धक्का जबड्याला. म्हणून साईट जितकी खाली बसेल तितकी बरी, नाहीतर दस्त्यावर गालाखाली गादी बांधावी. पंप किंवा स्वयंचलित बंदुकीवर पट्टी बसवायला बहुधा जागा असते. जुन्या दुनळीला ती नसते. गावच्या फिटरकडून नळीला भोक किंवा वेल्डिंग अजिबात करून घेऊ नये. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच जावे, आणि ऑर्डर देण्यापूर्वी परवाना शाखेत विचारावे.

ठिपक्याचा आकार एमओए मापात सांगतात. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. तीन एमओएचा ठिपका ३० मीटरवर अडीच सेंटिमीटरभर जागा झाकतो, सहाचा पाच. छर्‍याच्या बंदुकीला तीन ते सहा पुरे. बारीक ठिपक्याला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, छर्रा तेवढा नेमका जातच नाही.

उसात काम म्हणजे पाचट, धूळ, दव. उघड्या साईटच्या दिव्यावर पाण्याचा एक थेंब बसला तरी ठिपका विस्कटतो. त्यापेक्षा नळकांड्यासारखी बंद साईट घ्यावी, जड असली तरी. बारा बोअरचा धक्का सोसण्याची हमी लेखी मागा. उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे : दुपारी मंद ठिपका दिसत नाही आणि तिन्हीसांजेला भडक ठिपका समोरचे सगळे झाकून टाकतो. दुकानात ठिपका स्वल्पविरामासारखा पसरट दिसला तर दुकानदाराशी भांडण्यापूर्वी मोबाईलच्या कॅमेर्‍यातून पाहा. तिथे गोल दिसला तर दोष आपल्या डोळ्यात, डॉक्टर गाठावा.

बसवल्यावर नेम जुळवावा लागतो, तोही नेमबाजी क्लबच्या मैदानावर. जे काडतूस वापरणार तेच कागदावर टाकून छर्‍याचा मध्य कुठे पडतो ते पाहायचे. बांधावर झाडाला गोळ्या घालून नेम जुळत नाही, तक्रार मात्र होते. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागली तर सेल काढून ठेवावा.

आता जे सांगायला संकोच वाटतो ते. दोन वर्षांपूर्वी परवानगी घेऊन आम्ही बांधावर बसलो होतो. अंधार पडत होता, आडसालीचा फड हलला. ठिपका हलत्या पाचटावर इतका लख्ख बसला की आत डुक्करच आहे असे मनाने ठरवून टाकले. बोट चापावर गेले. तेवढ्यात आतून खोकला आला. वीज लवकर आली म्हणून आमचाच पाणक्या बारे फिरवायला आत गेला होता. खांद्यावर खोरे घेऊन तो बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, अजून हितंच?" आम्ही काडतुसे काढली. त्या रात्री जेवण गेले नाही. पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलताना आमची नजर खाली जात असे. त्याला हे आजवर माहीत नाही. आता हे पत्रक वाचून कळेल.

ठिपका नळी कुठे रोखली आहे तेवढे दाखवतो. पाचटाआड कोण आहे हे दाखवत नाही. माशीने नेम धरताना आमचा हात नेहमी थोडा कचरायचा. ठिपक्याने तो कचरणे बंद केले, तेच आम्हांला नडले. आता आमचा नियम असा : जनावर उघड्यावर, पूर्ण दिसले तरच; हलत्या उसावर कधीच नाही. बसण्यापूर्वी पाणक्याला, शेजारच्या बांधाला आणि तोडणीच्या टोळीच्या मुकादमाला फोन. तोडणीच्या दिवसांत कोप्यांच्या बाजूला तोंड करून बसायचेच नाही, कारण बायका-पोरे अंधारात फडाकडे जातात.

विचारणार्‍यांपैकी एकाने साईट घेतली, नजरेसाठी, आणि ती त्याला मानवली. दुसर्‍याने तेच पैसे सौर झटका कुंपणात घातले. त्याचा ओढ्याकाठचा खोडवा आम्ही परवाच पाहून आलो, चांगला उभा आहे. थेट विजेची तार मात्र कोणी लावू नये, तिने माणसे मेली आहेत. कुंपणाची माहिती हवी असल्यास गट कार्यालयात यावे. बंदूक घरी ठेवून यावे, ही विनंती.