नंदाचा मद आणि आपले फ्लेक्स

महाकाव्याचा नायक म्हटला की धनुष्यबाण डोळ्यांपुढे येतो. पण बौद्ध परंपरेतल्या एका महाकाव्याचा नायक स्वतःच्याच मनाशी लढतो. साकेतच्या अश्वघोषाचे १८ सर्गांचे ‘सौंदरनंद’ हे ते संस्कृत काव्य आणि नायक नंद, तथागतांचा सावत्र भाऊ.

कामरगावच्या मुलामुलींना आम्ही ही कथा सांगतो, कारण ती आपल्या जिल्ह्यापासून दूर नाही. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेणीत नंदाची प्रव्रज्या चितारली आहे. ती लेणी दान देणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम.

नंद देखणा राजपुत्र. पत्नी सुंदरीपुढे तो आरसा धरून असताना तथागत दारी भिक्षेला आले आणि तसेच परतले. घरात कुणाचे लक्षच नव्हते. नंद मागे धावला. तथागतांनी भिक्षापात्र त्याच्या हाती दिले आणि मनात नसताना तो भिक्खू झाला. डोके मुंडले, मद तसाच! बळ, रूप, तारुण्य टिकत नाही, असे एक भिक्खू नवव्या सर्गात बजावतो. नंद ऐकत नाही. मग तथागत त्याला स्वर्गातल्या अप्सरा दाखवतात आणि त्यांच्यासाठी तो कठोर संयम पाळू लागतो. स्वर्ग-अप्सरा आपण मानत नाही, पण अश्वघोषाचा मुद्दा पाहा: नंदाचा संयमही लोभच होता. आनंद त्याला हे तोंडावर सांगतो. नंद लाजतो आणि खरा बदल तिथून सुरू होतो.

शेवटी अर्हत झालेला नंद तथागतांपुढे नतमस्तक होतो. तथागत सांगतात, तुझे काम झाले, आता इतरांसाठी फिर.

जयंतीच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा, यावरून एकाच वस्तीत दोन मिरवणुका निघालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. मोर्चात पुढे असणारा, अभ्यासवर्ग घेणारा कार्यकर्ताही आतून पदासाठीच झुरत असू शकतो. त्याला तोंडावर विचारणारा आनंद प्रत्येक समितीत हवा. आपण मात्र बहुधा त्यालाच आधी समितीबाहेर काढतो.

एक गोष्ट आम्हाला खटकते. या सगळ्यात सुंदरीला कुणी विचारले नाही. पुढे तीही स्त्रियांना धम्म सांगेल, असे तथागत म्हणतात खरे. पण अजिंठ्याला गेलात तर त्याच लेणीत ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून ओळखले जाणारे चित्र थांबून पाहा. अभ्यासकांच्या मते ती सुंदरीच आहे, नंदाचा परत आलेला मुकुट पाहून कोसळलेली.