तोड लांबली, तरी काळजाला घोर नको



तोड लांबली की घालमेल सर्वांचीच होते. पण कुणी चार शब्द बोलून मोकळा होतो, कुणी रात्रभर धुमसत राहतो. सॅन फ्रान्सिस्कोचे हृदयरोगतज्ज्ञ फ्रीडमन व रोझेनमन यांनी १९५९ साली दाखविले, की सदा घाईतल्या, ईर्षेने झपाटलेल्या माणसांत हृदयविकार जास्त आढळतो. पुढील अभ्यासांत घाईपेक्षा मनात धरलेला राग, वैरभावच अधिक घातक दिसला. रागाने ॲड्रेनलिन वाढते, नाडी पळते, रक्तदाब चढतो.

तेव्हा गटऑफिसात जरूर विचारा, तक्रार लेखी द्या. पण राग उशाशी घेऊन झोपू नका. आणि छातीत कळ आली, घाम फुटला, तर ‘पित्त झालं असंल’ म्हणत गाडी खाली होईस्तोवर थांबू नका. तडक दवाखाना गाठा. ऊस उद्याही तुटेल.